ताटातील ज्वारी आणि चेहऱ्याचे तेज

गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्यांच्या खोऱ्यांत वसलेल्या परभणी जिल्ह्याची काळी कसदार जमीन रब्बी ज्वारीसाठी पिढ्यान्‌पिढ्या ओळखली जाते. पाऊस सरल्यावर जमिनीच्या पोटात राहिलेल्या ओलाव्यावर हे पीक उभे राहते, हिवाळ्यात त्याचा हुरडा होतो आणि उन्हाळ्याच्या तोंडी त्याची रास घरी येते. धान्य माणसाला आणि कडबा जनावराला, अशी दुहेरी सोय करणारे हे पीक असल्यामुळे जिंतूरच्या डोंगराळ पट्ट्यापासून गंगाखेड-पालमपर्यंतच्या घराघरांत भाकरी हेच मुख्य अन्न होऊन बसले. जायकवाडीच्या कालव्याचे पाणी आल्यानंतर गहू आणि ऊस वाढला, पुढे सोयाबीनने खरिपाचा मोठा भाग व्यापला, तरीही भाकरी ताटातून गेलेली नाही. मात्र तिच्या भोवतीचे बरेच काही गेले आहे.

आहार आणि सौंदर्यप्रसाधन हे दोन विषय आज वेगवेगळ्या दुकानांत आणि वेगवेगळ्या जाहिरातींत विभागले गेले आहेत. घरच्या मांडणीत मात्र त्यांची फारकत कधी नव्हती. हरभऱ्याच्या ज्या पिठाचे पिठले होई, तेच दिवाळीच्या पहाटे उटण्यात पडे. फोडणीची हळद नवरीच्या अंगाला लागे. घाण्यावरून आणलेले तेल भाजीतही जाई आणि बाळाच्या मालिशीलाही वापरले जाई. या जुन्या रीतींत शास्त्राला मान्य असे बरेच आहे. काही टाकून देण्यासारखेही आहे. दोन्हींचा विचार येथे एकत्र करावयाचा आहे, कारण त्वचा, केस आणि नखे यांवर जे दिसते त्याचे मूळ बहुधा ताटात असते.

ज्वारीच्या प्रदेशातील एक जुना त्वचारोग

हा संबंध सर्वांत ठळकपणे दाखवून देणारे उदाहरण याच दख्खनच्या पठारावरील आहे. पेलाग्रा हा रोग मक्यावर गुजराण करणाऱ्या लोकांना होतो, अशी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जगभर समजूत होती. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत त्याने हजारो बळी घेतले आणि तो संसर्गाने नव्हे तर निकृष्ट आहाराने होतो हे तेथे डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी दाखवून दिले. दख्खनमध्ये मका हे कधीच मुख्य अन्न नव्हते. तरीही हैदराबादच्या रुग्णालयांत येणाऱ्या गरीब शेतकरी आणि शेतमजुरांत हा रोग आढळत असे. मान, हात, पाय असा उन्हाला उघडा पडणारा भाग काळवंडतो, खडबडीत होतो, साल सुटते. त्याच्या जोडीला जुलाब लागतात, झोप उडते, मन उदास होते आणि उपचार न झाल्यास बुद्धिभ्रंशापर्यंत मजल जाते. गळ्याभोवती काळ्या पट्ट्याची जणू माळ पडते. गावात अशा माणसाला उन्हाने रापलेला समजून सोडून देणे अगदी सोपे होते.

हैदराबाद येथील पोषण संशोधन प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत, डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी या रुग्णांच्या आहाराकडे लक्ष दिले. हे रुग्ण मुख्यत्वे ज्वारीवर जगत होते. ज्वारीच्या प्रथिनांत ल्युसीन नावाच्या अमिनो आम्लाचे प्रमाण अधिक असते आणि ते शरीरातील नायसिन या जीवनसत्त्वाच्या व्यवहारात अडथळा आणत असावे, असा विचार त्यांनी 1960 मध्ये मांडला. ल्युसीनचा वाटा नेमका किती, यावर पुढे शास्त्रज्ञांत बराच वाद झाला. व्यवहाराच्या दृष्टीने निष्कर्ष मात्र स्पष्ट राहिला : एकट्या ज्वारीवर माणूस निरोगी राहत नाही.

या ठिकाणी थोडे थांबणे आवश्यक आहे. 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाल्यापासून ज्वारीचे गुणगान सर्वत्र ऐकू येते आणि ते बव्हंशी योग्यही आहे. परंतु पेलाग्रा झालेली माणसे ज्वारी खात नव्हती म्हणून आजारी पडली नाहीत. ती केवळ ज्वारी खात होती म्हणून आजारी पडली. त्यांच्या भाकरीबरोबर मीठ-मिरची होती, पण वरण नव्हते, ताक नव्हते, शेंगदाणे बाजारात विकले जात होते. ज्या घरांत भाकरीबरोबर तुरीचे वरण, शेंगदाण्याची चटणी, पालेभाजी आणि वाटीभर ताक असे, त्या घरांत याच ज्वारीने कोणाची कातडी काळवंडली नाही. शेंगदाण्यात नायसिन भरपूर असते. डाळ आणि दूध यांच्या प्रथिनांतील ट्रिप्टोफॅनपासून शरीर स्वतः नायसिन तयार करू शकते. मेक्सिकोतील लोक मका चुन्याच्या पाण्यात शिजवून घेत आणि त्यामुळे त्यातील अडकून पडलेले नायसिन मोकळे होई. मराठवाड्यातील सुगरणीने तोच प्रश्न शेंगदाण्याचा कूट आणि वरण यांनी सोडविला होता. आहारात विविधता आल्यानंतर पेलाग्राचे रुग्ण विरळ झाले. तथापि तुरीची डाळ महाग झाली की गरिबाच्या ताटातून प्रथम तीच कमी होते, ही गोष्ट आजही खरी आहे.

फिकट चेहरा आणि भाकरीतील लोह

पेलाग्रा मागे पडला. रक्तक्षय मागे पडलेला नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रातील 15 ते 49 वयोगटातील 54.2 टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या. त्याआधीच्या फेरीत हे प्रमाण 48 टक्के होते. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांत ते 68.9 टक्के इतके होते. म्हणजे ग्रामसभेला बसलेल्या स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तात पुरेसे हिमोग्लोबिन नाही, असे धरून चालण्यास हरकत नसावी.

रक्तक्षयाच्या खुणा त्याच आहेत ज्यांवर उपाय म्हणून प्रसाधने विकली जातात. चेहरा निस्तेज दिसतो, केस गळतात, नखे ठिसूळ होतात आणि लोहाची कमतरता फार दिवस राहिल्यास ती चमच्यासारखी खोलगट होतात. ओठांचे कोपरे फुटणे, जीभ सोलवटल्यासारखी लाल होणे हे लोहाच्या किंवा ब गटातील जीवनसत्त्वांच्या अभावाचे लक्षण असू शकते. कोपर आणि गुडघ्यांवर काटेरी पुरळ उठून त्वचा बेडकाच्या कातडीसारखी खरखरीत होते, त्यामागे अ जीवनसत्त्व आणि आवश्यक स्निग्धाम्ले यांची उणीव असते. अशा मुलीच्या चेहऱ्यावर कितीही उंची लेप लावला तरी खालचा फिकेपणा हटत नाही. तिची पापणी खाली ओढून आतील त्वचेचा रंग पाहणे, ही अंगणवाडी सेविकेला शिकविलेली साधी तपासणी अशा वेळी आरशापेक्षा अधिक खरे सांगते. खात्री अर्थातच रक्त तपासूनच करावयाची.

या प्रश्नावर परभणीतच झालेले एक काम येथे सांगितले पाहिजे. 18 मे 1972 रोजी, महाराष्ट्र भीषण दुष्काळात होरपळत असतानाच्या वर्षात, परभणी येथे मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले. लोक त्या काळी दुष्काळी कामांवर सुकडी खाऊन आणि परदेशातून आलेल्या तांबड्या मिलोच्या भाकरी करून दिवस काढीत होते. हे विद्यापीठ 2013 पासून वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ या नावाने ओळखले जाते. ज्वारीचे ‘परभणी मोती’सारखे वाण येथूनच शेतकऱ्यांकडे गेले. हैदराबादजवळील आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था इक्रिसॅट हिच्या सहकार्याने या विद्यापीठाने 2018 मध्ये ‘परभणी शक्ती’ हा वाण प्रसारित केला. भारतातील हा पहिला जैवसंपृक्त ज्वारी वाण होय. नेहमीच्या वाणांत किलोमागे सुमारे 30 मिलिग्रॅम लोह आणि 20 मिलिग्रॅम जस्त असते. ‘परभणी शक्ती’त ते अनुक्रमे 45 आणि 32 मिलिग्रॅमच्या आसपास आहे. बाहेरून काही न मिसळता, केवळ निवड आणि पैदास यांच्या मार्गाने हा गुण दाण्यातच आणला आहे. याच विद्यापीठाच्या औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथील केंद्रातून बाजरीचा ‘एएचबी 1200’ हा लोहयुक्त संकरित वाणही पुढे आला. त्याच्या किलोभर दाण्यात सुमारे 73 मिलिग्रॅम लोह असते.

आकड्यांचा व्यवहारातील अर्थ असा. शेतात राबणारी स्त्री दिवसाकाठी 300 ग्रॅम पिठाच्या भाकरी खाते असे समजू. साध्या ज्वारीतून तिला 9 मिलिग्रॅम लोह मिळेल; ‘परभणी शक्ती’तून साडेतेरा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या 2020 च्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीला दररोज 29 मिलिग्रॅम लोह लागते. पाव किलोच्या निम्मी, म्हणजे सव्वाशे ग्रॅमच्या जवळपास राजगिऱ्याची पालेभाजी सुमारे 5 ते 6 मिलिग्रॅम देईल, अर्धी वाटी तुरीची डाळ आणि दोन चमचे तीळ मिळून तीन-साडेतीन. बेरीज केली तर उत्तम ताटसुद्धा 29 च्या थोडे अलीकडेच थांबते आणि साध्या ज्वारीवर ते बरेच अलीकडे थांबते. गरोदर स्त्रीला लोह आणि फॉलिक आम्लाची गोळी 180 दिवस नियमित घ्यावयास सांगितली जाते ती याच कारणाने. घरचा आहार आणि उपकेंद्रातील गोळी यांत एकाची निवड करावयाची नसते. पहिल्या काही दिवसांत मळमळ होते, शौचास काळे होते, म्हणून गोळ्या फडताळात ठेवून दिल्या जातात. हे काळेपण निरुपद्रवी आहे एवढे कोणी आधी सांगितले असते तर त्यातील बऱ्याच गोळ्या पोटात गेल्या असत्या.

चुलीजवळचे बारकावे

धान्यात लोह असणे आणि ते रक्तात उतरणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. ज्वारी, बाजरी आणि डाळी यांतील फायटिक आम्ल लोहाला बांधून ठेवते. मोड आणणे आणि आंबविणे या दोन क्रियांनी ते कमी होते. मोड आलेल्या मटकीची उसळ आणि ताकात रात्रभर भिजविलेल्या ज्वारीच्या पिठाची आंबील या पदार्थांना म्हणूनच पोषणशास्त्रात मोल आहे. क जीवनसत्त्व लोहाचे शोषण वाढविते. जेवताना लिंबाची फोड पिळणे, कच्चा कांदा-टोमॅटो-कोथिंबीर यांची कोशिंबीर, हिवाळ्यात आवळा, पेरूची फोड, यांतील काहीही चालेल. केवळ ते जेवणाबरोबर हवे. उलटपक्षी, जेवणाच्या मागेपुढे घेतलेला चहा त्यातील टॅनिनमुळे लोह अडवितो. शेतात न्याहारीची भाकरी चहात बुडवून खाण्याची पद्धत वाढत चालली आहे. ती वेळेची सोय असली तरी भाकरीतील लोहाची नासाडी आहे. तासाभराचे अंतर ठेवले तरी पुष्कळ फरक पडतो.

भाकरीबद्दल नव्या पिढीची तक्रार ती जमत नाही ही असते. गव्हात असणारे ग्लुटेन ज्वारीत नसते, म्हणून तिच्या पिठाला लवचीकपणा येत नाही. गरम पाण्याने पिठातील स्टार्च फुलला म्हणजे तो चिकटपणा येतो. पीठ ताजे हवे. फार दिवस ठेवलेले पीठ विरी जाते, त्याची भाकरी काठाला चिरते. परातीत तळव्याने पीठ चांगले रगडून, थापून, तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूला पाण्याचा हात फिरविला की भाकरी फुगते. पंधरा दिवसांपेक्षा अधिक दळण एकदम करू नये, हा जुना संकेत येथे उपयोगी पडतो. ज्यांना थापणे नकोच त्यांनी धपाटे करावेत. ज्वारीच्या पिठात थोडे बेसन, किसलेली काकडी किंवा चिरलेली मेथी, तीळ, लसूण, हिरवी मिरची आणि हळद घालून ओल्या कपड्यावर थापलेले धपाटे प्रवासातही टिकतात आणि दह्याबरोबर ते मुलांचे संपूर्ण जेवण होते.

या भागातील काही पदार्थ तर समतोल आहाराचे आयते नमुने आहेत. अंबाडीची भाजी ज्वारीच्या कण्या आणि तुरीची डाळ घालून शिजवितात, वरून लसणाची फोडणी देतात : धान्य, डाळ, पाला आणि स्नेह एका पातेल्यात. येसर करून ठेवला की आयत्या वेळी पाच मिनिटांत आमटी होते. भाजलेल्या धान्य-डाळींचे आणि मसाल्याचे ते पीठ बाजारातील सूपच्या पाकिटाला सहज मागे टाकील. वेळ अमावस्येला ज्या गावांत शेतात जेवण होते तेथील भज्जी, म्हणजे हिरव्या तुरीचे दाणे, हरभरा, वाल, भाज्या आणि बेसन यांची चिंचेतील एकत्र भाजी, वर्षातून एकदाच का करावी हे कळत नाही. कारळाची आणि जवसाची चटणीही अशीच. शाळेच्या पोषण आहारात किंवा अंगणवाडीच्या पाककृती प्रात्यक्षिकांत बाहेरून आणलेले पदार्थ दाखविण्यापेक्षा यांपैकी दोन-तीन दाखविले तर आयांना ते घरी जाऊन करता येतील.

करडई : काट्यांतील तेल, पाकळ्यांतील रंग

रब्बी ज्वारीच्या शेतात करडईच्या ओळी किंवा कडेने करडईचे कुंपण, हे मराठवाड्याचे जुने दृश्य. काटेरी झाडामुळे जनावरे आत शिरत नसत आणि वर्षाचे तेल घरचे होई. करडईच्या तेलात लिनोलिक आम्ल सुमारे 75 टक्के असते. हे स्निग्धाम्ल शरीर स्वतः बनवू शकत नाही आणि त्वचेचा पाणी रोखून धरणारा थर सुस्थितीत राहण्यासाठी ते लागते. वर उल्लेखिलेली बेडकाच्या कातडीसारखी त्वचा तेलाचा थेंबही मोजून वापरणाऱ्या घरांतील मुलांत अधिक दिसे, यात नवल नाही. अंगाला लावण्यासही हे तेल सौम्य आहे.

एक सावधगिरी मात्र पाळावी. ज्या गुणामुळे हे तेल उपयुक्त आहे, त्याच गुणामुळे ते उष्णता आणि प्रकाश यांनी लवकर बिघडते. घाण्याचे करडई तेल फोडणीला, चटणीवर कच्चे घेण्यास उत्तम. पुनःपुन्हा तळणासाठी ते वापरू नये. काचेच्या पारदर्शक बरणीत उन्हाच्या खिडकीत ठेवण्याऐवजी झाकणाच्या डब्यात अंधाऱ्या जागी ठेवावे आणि खवट वास आल्यास ना खावे, ना अंगाला लावावे.

करडईचा पेरा घटला. त्याची कारणे उघड आहेत : काट्यांमुळे काढणीला मजूर मिळेना, सोयाबीनने खरीप आणि मनुष्यबळ दोन्ही घेतले, आणि बाहेरून येणारे स्वस्त पामतेल किराणा दुकानात पोहोचले. परभणीच्या विद्यापीठाने या पिकावर दीर्घकाळ काम केले असून ‘परभणी कुसुम’ हा त्याचा वाण परिचित आहे; ‘पीबीएनएस-40’ हा बिनकाटेरी वाण पाकळ्या वेचण्याच्या दृष्टीने सोयीचा ठरला. फुलांचा रंग पिवळ्याकडून केशरी-तांबड्याकडे झुकला आणि त्या कोमेजू लागल्या की पाकळ्या वेचतात. तोवर बोंडात बी धरलेले असते, त्यामुळे तेलाच्या उत्पन्नाला धक्का लागत नाही. जुन्या मराठीतील कुसुंबी वस्त्रांचा रंग तो हाच. पाकळीत दोन रंगद्रव्ये असतात. पिवळे पाण्यात विरघळते. कार्थामिन हे तांबडे पाण्यात सहज विरघळत नाही, ते क्षारयुक्त पाण्याने वेगळे काढून आम्लाने बसवावे लागते. कृत्रिम रंग येण्यापूर्वी रंगारी हेच करीत असत.

उटणे, शिकेकाई आणि कुंकू

दिवाळीच्या उटण्यामागील तत्त्व साधे आहे. अंगाला तेल लावून झाल्यावर पिठाचे कण तेल आणि मळ शोषून घेतात, सौम्य घर्षणाने मृत पेशींचा थर निघतो आणि साबणाप्रमाणे त्वचेतील सर्व स्निग्धता वाहून जात नाही. मसूर किंवा हरभरा डाळीचे बारीक दळलेले पीठ दोन वाट्या, आंबेहळद एक चमचा, वाळा आणि नागरमोथा यांची चाळलेली पूड प्रत्येकी दोन चमचे, सावलीत वाळविलेल्या गुलाबपाकळ्यांची आणि संत्रासालीची पूड थोडी, एवढे घरच्या वापरास पुरते. पीठ भरड राहिले तर नाजूक त्वचेवर ओरखडे उठतात, म्हणून ते कापडातून चाळावे. पूड कोरडी असेतो टिकते. दूध, दही किंवा पाणी घालून कालविलेले उटणे त्याच वेळी संपवावे. उरलेले वाटीत झाकून दुसऱ्या दिवशी लावणे म्हणजे जंतूंची लागवड अंगावर करणे होय. प्रथम वापरताना कोपराच्या आतील बाजूस थोडे लावून एक दिवस वाट पाहावी. नैसर्गिक पदार्थांचीही ॲलर्जी येते.

लिंबाच्या रसाबद्दल स्पष्ट बोलणे जरूर आहे. घरगुती उपायांच्या बहुतेक याद्यांत चेहऱ्याला लिंबू चोळण्याचा सल्ला असतो. लिंबाचा रस अतिशय आम्लधर्मी आहे आणि तो लागलेल्या त्वचेवर प्रखर ऊन पडल्यास भाजल्यासारखे फोड आणि काळे डाग उठू शकतात. शेतावर जाणाऱ्या स्त्रीने तर हा प्रयोग मुळीच करू नये. लिंबू ताटात असावे. त्याचप्रमाणे तान्ह्या बाळाच्या डोळ्यांत काजळ घालण्याची रीत कितीही मायेची असली तरी ती सोडण्याजोगी आहे. बोटावरून जंतू डोळ्यांत जातात आणि बाजारातील काही काजळांत शिसे आढळले आहे. तीट कपाळाला किंवा तळपायाला लावली तरी आजीचे समाधान होते.

शिकेकाई आणि रिठा यांत सॅपोनिन नावाची फेस करणारी द्रव्ये असतात. रात्री भिजवून, सकाळी उकळून, गाळून घेतलेले पाणी केस स्वच्छ करते. आवळकाठी आणि मेथीदाणे त्यात घालण्याची चाल आहे. रिठ्याचे पाणी डोळ्यांत झोंबते, याचा मुलांना अनुभव असतोच. खोबरेल तेल केसांतील प्रथिनांची झीज कमी करते, असे 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खनिज तेल आणि सूर्यफूल तेल यांच्याशी तुलना करून दाखविण्यात आले. पण तेल केसांचे रक्षण करते, केस उगवीत नाही. गळणाऱ्या केसांमागे लोह किंवा प्रथिनांची कमतरता असेल तर त्यावरचा उपाय डब्यात आहे, बाटलीत नाही.

हळदीच्या बाबतीत हा प्रदेश भाग्यवान म्हणावा लागेल. 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्यातील वसमत ही हळदीची मोठी बाजारपेठ शेजारीच आहे. हळकुंडे घेऊन ती घरी किंवा गिरणीत डोळ्यांसमोर दळून घेणे शक्य असताना भडक पिवळी सुटी पूड घेण्याचे कारण नाही. रंग खुलविण्यासाठी हळदीत लेड क्रोमेट हे शिसेयुक्त द्रव्य मिसळण्याचा प्रकार बांगलादेशात मोठ्या प्रमाणावर चालत असे. 2019 मध्ये संशोधकांनी तो पुराव्यानिशी उघड केल्यानंतर तेथील शासनाने बाजारांत तपासणी, दंड आणि लोकजागृती यांचा धडाका लावला आणि 2021 पर्यंत त्या देशाच्या बाजारातून ही भेसळ जवळजवळ नाहीशी झाली. शिसे मुलांच्या मेंदूच्या वाढीला बाधते आणि शिजवून ते नष्ट होत नाही.

कुंकवाचे रसायनशास्त्र तर शाळेच्या वर्गात दाखविण्यासारखे आहे. हळदीतील कुरकुमिन क्षारात तांबडे होते; हळदीच्या पुडीवर चुन्याचे पाणी टाकताच हा बदल डोळ्यांना दिसतो आणि पारंपरिक कुंकू याच तत्त्वावर तयार होते. त्यावर लिंबाच्या रसाचे थेंब टाकले की रंग पुन्हा पिवळटपणाकडे वळतो. बाजारातील पुडी लिंबाला मुळीच दाद देत नसेल तर तिचा रंग हळदीचा नव्हे, कृत्रिम आहे असे समजावे. कपाळावर खाज, पुरळ किंवा पांढरे डाग येणाऱ्या स्त्रियांनी ही चाचणी अवश्य करून पाहावी. डाग वाढत असतील तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.

गोरेपणाचा पारा

सर्वांत गंभीर धोका मात्र स्वस्त ‘गोरेपणाच्या’ क्रीमचा आहे. त्वचेचा वर्ण मेलॅनिन या रंगद्रव्याने ठरतो आणि उन्हाच्या प्रदेशात ते कवचाचे काम करते. पारा मेलॅनिन तयार होण्याची क्रिया रोखतो, म्हणून पारायुक्त क्रीम लावल्यावर काही आठवड्यांत चेहरा खरोखर उजळतो, आणि फसगत येथेच होते. तो पारा त्वचेतून रक्तात आणि रक्तातून मूत्रपिंडात जातो. 2023 मध्ये विदर्भातील एकाच कुटुंबातील तीन स्त्रियांच्या मूत्रपिंडाच्या विकाराचा माग घेत मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉक्टर अशाच एका क्रीमपर्यंत पोहोचले. तपासणीत त्यात मर्यादेच्या हजारो पट पारा निघाला. केरळातूनही त्याच सुमारास अशा रुग्णांची नोंद झाली. सौंदर्यप्रसाधने नियम 2020 अन्वये डोळ्यांभोवतीची प्रसाधने वगळता इतरांत अनवधानाने आलेला पारासुद्धा दशलक्ष भागांत एका भागापेक्षा अधिक असता कामा नये. ज्या डबीवर उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक, घटक आणि मुदत छापलेली नाही ती घेऊ नये. चेहऱ्यावर किंवा पायांवर सूज येणे आणि लघवीला फेस येणे ही लक्षणे दिसल्यास क्रीम बंद करून ती डबीच डॉक्टरांकडे न्यावी.

लग्न ठरलेल्या मुलींकडून या क्रीमला मागणी येते, हे कोणताही दुकानदार सांगेल. सावळ्या वर्णाला उणे मानणारी बैठक जोवर घरोघरी भरते तोवर केवळ छाप्यांनी हा व्यापार थांबणार नाही. शाळेतील शिक्षिकेने मेलॅनिनचा पाठ शिकविताना हे दोन वाक्यांत सांगितले तर ते मुलींच्या कानी योग्य वयात पडेल.

गावाच्या हाती असलेले

दरवर्षी सप्टेंबरमध्ये पोषण माह साजरा होतो आणि पाककृतींच्या स्पर्धा होतात. त्या काळात पेरणीचा विचारही व्हावा. रब्बी तोंडावर असते. ज्वारीचे कोणते वाण, करडईच्या किती ओळी, हे तेव्हाच ठरते. ‘परभणी शक्ती’चे बियाणे गावात आले तरी त्याची रास इतर ज्वारीत मिसळून बाजारात गेली तर त्यातील लोह गावातील स्त्रीच्या वाट्याला येत नाही. वर्षाच्या भाकरीपुरते धान्य वेगळ्या कणगीत ठेवणे, हे कुटुंबाने करावयाचे काम आहे.

परसबागेला जागा फार लागत नाही. न्हाणीच्या सांडपाण्यावर शेवग्याची दोन झाडे, पालक, राजगिरा आणि माठाचा वाफा, कडीपत्ता आणि एक लिंबाचे झाड येते. साबणाचे दाट पाणी थेट पालेभाजीवर सोडू नये, ते आधी केळी-अळूकडे वळवावे. शाळेच्या आवारात हीच बाग विज्ञानाचा वर्ग होते. मे महिन्यात पाणी आटते तेव्हा ती बहुधा मरते, आणि जूनमध्ये पुन्हा कोणी लावीत नाही. शेवगा तेवढा तग धरतो. त्याची पाने सावलीत वाळवून पूड केली तर उन्हाळ्यात पिठात, वरणात मिसळता येते.

स्वयंसहायता गटांनी उटणे, शिकेकाई पूड, साबण, आवळा तेल करून विकावयास घेतले आहे. येथे एका गोष्टीची जाणीव आधीच करून देणे हिताचे. घरच्या वापरासाठी केलेल्या वस्तूला कोणाची परवानगी लागत नाही. परंतु विक्रीसाठी प्रसाधन तयार करावयाचे तर औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा 1940 खाली राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो, आणि साबणही त्यातच मोडतो. चटण्या, येसर, धपाट्याचे पीठ अशा खाद्यपदार्थांसाठी लहान उत्पादकांना अन्नसुरक्षा नोंदणी पुरते आणि ती मिळविणे तुलनेने सोपे आहे. म्हणून नव्या गटाने खाद्यपदार्थांपासून आरंभ करणे शहाणपणाचे ठरते. करडईच्या पाकळ्या वाळवून विकणाऱ्यांनी त्या फुलांच्या हंगामात सकाळच्या वेळी, काटे मऊ असताना वेचाव्यात, उन्हात न टाकता हवेशीर सावलीत कापडावर पसराव्यात आणि हाताला कुरकुरीत लागल्यावरच डब्यात भराव्यात. ओल राहिली तर आठवड्यात बुरशी धरते आणि रंगही उडतो.